अकरा सेकंद

यंत्रानं आपोआप लिहिलेल्या ओळी आधी वाचून पाहिल्या.
आई म्हणते, कणिक तिंबून घ्या.
खाली उमटतं : गणित थांबून घ्या.
आई म्हणते, पोट्टेहो, धूर लागन, सरका.
यंत्र लिहितं : पोटे हो दूर लगान सरकार.
सांबार तेवढा बरोबर आला,
पण पुण्याकडचं कोणी वाचलं
तर परातीशेजारी इडली शोधत बसेल,
म्हणून तिथं कोथिंबीर केलं.
मग जिवाला बरं वाटेना,
पुन्हा सांबारच ठेवला.

मौद्याच्या पुढं, कन्हानच्या काठी आमचं गाव.
रेंज फक्त कोठ्याच्या मागं.
तिथं तणसीच्या ढिगावर बसून मी टाइप करते
निकेशसाठी. मामाचा मुलगा,
जन्मापासून ऐकू येत नाही त्याला.
त्यानं बोटांनी विचारलं होतं,
सगळे हसले ते कशाला?
मी लिहिलं होतं, कंसात, हशा.
त्यानं तळहात उलटा केला. एवढंच?
मग लिहिलं : रंभाकाकू हसते, तोंडावर पदर, तरी जोरात.
आई हसत नाही, तिचा आवाज हसतो.
मडक्यावर रोटी पडते, तो आवाज
तीनदा लिहून खोडला.
चर्र नाही. छन्न नाही.
ओल्या फडक्यावर निखारा पडावा तसा काहीतरी,
पण एवढं दोन ओळींत मावत नाही
आणि ओळ दीड सेकंदात निघून जाते.

पुंजाराम मास्तरांचं गाऱ्हाणं वेगळं.
दंडारीत पेटी वाजवायचे, डोळे साखरेनं नेले.
म्हणाले, "पोरी, आयकू येते सारं,
पण मधातच तू मले विहिरीत सोडून देते.
थापा थांबतात, कोणी बोलत नाही,
मंग एकदम मडकं बोलते.
मधात काय होते वं?"

मधात अकरा सेकंद होते. मोजले.
तेवढ्यात सांगायचं,
आईच्या पुढच्या शब्दावर पाय न देता.
पहिल्यांदा लिहिलं : आई रोटी मोठी करते.
मास्तर म्हणाले, "थे तं मलेही माहीत हाय."

मग मी बघायला बसले.
मागं नेऊन, थांबवून, पुन्हा मागं नेऊन.
कणकेचा गोळा मनगटावरून कोपरापर्यंत उतरतो.
पलीकडचा जाळ दिसावा इतका पातळ होतो.
उजवा हात वर जातो.
डावा जात नाही.
आई कमरेतून वाकते, डावीकडं,
आणि रोटीला कळू देत नाही.

पन्नास-साठ वेळा पाहिलं असेल.
तेवीस वर्षं मी ती रोटी खाते.

लिहिलं, माझ्याच आवाजात भरलं,
आईला ऐकवलं.
तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.
"थे खांद्याचं नोको टाकू.
लोकाइले रोटी पाह्यजे."
ती ओळ काढली.
रिकाम्या जागेत जाळाचा उजेड थोडा लांबवला.

मास्तरांनी शेवटपर्यंत ऐकलं.
उजेडाशी मान हलवली, आवडला असावा.
मग म्हणाले,
"डावी थाप उशिरा येते तुह्या मायची.
औंदा जास्तच.
खांदा दाखवला का कोणाले?"

निकेश शेजारीच होता.
मास्तरांचं बोलणं त्याला लिहून दाखवलं.
वाचून झाल्यावर त्यानं
स्वतःचा डावा हात उचलला,
खांद्याच्या खालीच थांबवला,
कमरेतून वाकला.
हुबेहूब.

सोमवारी भंडाऱ्याला जायचं ठरलंय, हाडांच्या डॉक्टरकडं.
आई म्हणते, आधी धान निघू दे.
व्हिडिओ अजून चढवला नाही.
रोटी मडक्यावर पडते त्या जागी सध्या
एक कंस आहे, उघडलेला, मिटलेला,
आत काही नाही.